तीन मॉनिटर आणि जादा मेमरी : पैसा कशावर घालावा?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर कॉम्प्युटरवरील खेळांची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु हा प्रश्न खेळाइतकाच घरातल्या पैशाचाही आहे. मालवणपासून देवगडपर्यंत आपल्या कितीतरी घरांतील वडील किंवा मामा आखातात नोकरीला असतात. सुट्टीवर येताना काय आणू, असे ते विचारतात आणि मुलगा सांगतो, "१६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणा, मला तीन मॉनिटर लावून खेळायचे आहे." ८ जीबीचे चालणार नाही का, या प्रश्नाचे उत्तर मात्र घरात कोणाजवळ नसते. ते उत्तर आज आपण हिशेबाने काढू या.

ग्राफिक्स कार्डात दोन मुख्य गोष्टी असतात. एक चिप, जी चित्र तयार करते, आणि दुसरी मेमरी, जिच्यात चित्रासाठी लागणारा माल हाताशी ठेवलेला असतो. आपल्याकडच्या लग्नातला बावर्ची डोळ्यांपुढे आणा. बावर्ची म्हणजे चिप आणि त्याच्या शेजारचे टेबल म्हणजे मेमरी. पाहुणे तिप्पट झाले तर बावर्च्याचे कष्ट तिप्पट होतात. खेळात मात्र मसाल्याचे डबे तिप्पट लागत नाहीत. झाडे, भिंती, गाड्या यांची चित्रे एकदाच मेमरीत येतात, मग मॉनिटर एक असो की तीन. बाजूच्या मॉनिटरवर अधिक दृश्य दिसते म्हणून थोडा माल वाढतो, एवढेच.

आता आकडे पाहू. नेहमीच्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. दर ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८ एमबी लागतात आणि तीन मॉनिटरना सुमारे २५ एमबी. खेळाला एकाच वेळी अशी अनेक चित्रे जवळ ठेवावी लागतात. ती वीस धरली तरी ५०० एमबी होतात. ८ जीबी म्हणजे सुमारे ८,००० एमबी. म्हणजे मॉनिटर वाढल्याने मेमरीवर पडणारा बोजा फार मोठा नाही. चिपला मात्र दर वेळी ६२ लाखांहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. खेळ मधल्याच मॉनिटरवर चालवून बाजूच्या दोहोंवर अभ्यासाची पाने उघडायची असतील, तर जादा मेमरीचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही.

मग हा समज आला कोठून? एएमडी कंपनीने २००९ साली आयफिनिटी या नावाने अनेक मॉनिटरवर एकच खेळ पसरवण्याची सोय आणली. २०१० साली सहा मॉनिटर जोडता येणारे रेडिऑन एचडी ५८७० कार्ड निघाले, तेव्हा त्यात १ जीबीऐवजी २ जीबी मेमरी दिली होती. ते योग्यच होते. सहा मॉनिटरच्या चित्राला ५० एमबी धरले, तर वीस चित्रांतच १ जीबी संपते. त्या काळी खरे असलेले गणित आज ८ किंवा १६ जीबीच्या कार्डाला जसेच्या तसे लागू होत नाही.

अलीकडचे उदाहरण घ्या. एनव्हिडिया कंपनीने २०२३ साली आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ व १६ जीबी अशा दोन प्रकारांत आणले. अमेरिकेतील जाहीर किंमत अनुक्रमे ३९९ व ४९९ डॉलर होती. चिप तीच, मेमरीचा वेगही दोहोंत सेकंदाला २८८ जीबी. शंभर डॉलर जास्त देऊन टेबल मोठे मिळाले, बावर्ची तोच राहिला. त्याच वर्षी १२ जीबीचे आरटीएक्स ४०७० हे कार्ड ५९९ डॉलरना आले. त्याची मेमरी १६ जीबीपेक्षा कमी, पण चिप बरीच जोरदार आणि मेमरीचा वेग सेकंदाला ५०४ जीबी. तीन मॉनिटरवर खेळणाऱ्याने अशा वेळी १२ जीबीचे कार्ड निवडणे शहाणपणाचे.

याचा अर्थ मेमरीला महत्त्व नाही असा नव्हे. नव्या खेळांत चित्रांची प्रत सर्वांत वरची ठेवली तर ८ जीबी एका मॉनिटरवरही अपुरी पडू शकते. मग माल कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून आणावा लागतो. वरील ४०६० टीआय कार्डात ती वाट सेकंदाला सुमारे १६ जीबीची आहे, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या वेगाच्या अठराव्या हिश्शाची. बावर्ची दर चिमटीसाठी कोठारापर्यंत धावू लागतो आणि खेळ अडखळतो. शिवाय कार्डावरची मेमरी मागाहून वाढवता येत नाही. म्हणून फरक थोडा असेल तर जादा मेमरी जरूर घ्यावी. २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआयच्या अशाच दोन प्रकारांत जाहीर फरक ५० डॉलरचा होता.

विद्यार्थी मित्रांनो, घरी कार्ड असेल तर खरेदीपूर्वी एक परीक्षा करा. खेळातील टेक्श्चरची प्रत एक पायरी खाली आणा. अडखळणे थांबले तर मेमरी कमी होती. तसे न होता एकाच मॉनिटरवर खेळल्यावर खेळ सुरळीत झाला, तर बहुतेक चिपच कमजोर आहे. मग मेमरीवर पैसे घालून उपयोग नाही.

पालकांना एक विनंती. मुलाने मागितले म्हणून आणू नका आणि खेळ आहे म्हणून झिडकारूही नका. त्याला हा हिशेब कागदावर मांडायला सांगा. आणि त्याच घरात बहीण ब्लेंडरसारख्या प्रणालीवर त्रिमिती चित्रे करायला शिकत असेल, तर तिलाही त्या कागदाशी बसवा. अशा कामात संपूर्ण देखावा शक्यतो कार्डाच्या मेमरीतच मावावा लागतो. तिथे १६ जीबीचे चीज होते. कार्ड एक, पण त्यावर दोघांचा हक्क, असे ठरले तर जादा पैसा सत्कारणी लागेल. एकाच्या हौसेपायी दुसरीची फी अडली, तर त्याला आपण इस्राफ म्हणतो.

आखातातल्या उन्हात मिळवलेला पैसा विचाराने खर्च व्हावा, एवढेच सांगायचे होते.