निळा बिल्ला

चालणें ज्यांना कष्टाचें, त्यांना इष्ट स्थळाजवळ मोटार उभी करतां यावी, म्हणून इंग्लंडांत ‘निळा बिल्ला’ देतात. १९७० च्या कायद्यानें ही सोय झाली. अर्ज स्थानिक कौन्सिलकडे करावयाचा. फी फार तर १० पौंड. २०१९ पासून न दिसणाऱ्या व्याधींसाठींही बिल्ला मिळूं लागला. अशा मनुष्यास ‘धडधाकट तर दिसतां!’ म्हणून हटकणारे वाटसरू भेटतात. अर्जाची छाननी कौन्सिलनें केव्हांच केलेली असते, हें त्यांच्या गांवींही नसतें. खरा गैरवापर निराळाच. बिल्ला मनुष्याचा, मोटारीचा नव्हे. आजोबांना दवाखान्यांत पोंचवितांना नातवानें तो खुशाल लावावा. आजोबा घरीं निजले असतां त्याच बिल्ल्यावर बाजारहाट केला, तर दंड १,००० पौंडांपर्यंत होऊं शकतो.