नोंदवहीत नाव कोणाचे? बंगालच्या बर्गादारांचा अनुभव



शाश्वत विकासाची चर्चा सुरू झाली की जंगल, पाणी, हवामान यांचा उल्लेख अग्रक्रमाने होतो. तलाठ्याच्या दप्तराचा मात्र होत नाही. वस्तुतः जमिनीचा कस राखला जाणार की ओरबाडला जाणार, याचा निर्णय पुष्कळदा त्या दप्तरातच झालेला असतो. पुढल्या हंगामात हेच शेत आपल्या हाती राहील अशी ज्याला खात्री नाही तो त्यात बांध घालणार नाही, शेणखताच्या गाड्या ओतणार नाही. बँकेच्या दारात तर त्याला कोणी उभेही करणार नाही. हा त्याचा अडाणीपणा नव्हे. त्याच्या परिस्थितीत तो चोख हिशेब आहे.

पश्चिम बंगालमध्ये हे जितके स्पष्टपणे दिसले तितके अन्यत्र क्वचितच. तेथील बर्गादार म्हणजे महाराष्ट्रातील बटाईदार: दुसऱ्याच्या जमिनीत राबून पिकाचा वाटा मालकाच्या खळ्यावर पोहोचविणारा. 1946-47 च्या तेभागा लढ्यात त्याने दोन-तृतीयांश पीक स्वतःकडे राहावे अशी मागणी केली. 1955 च्या भूमिसुधारणा कायद्याने आणि पुढील दुरुस्त्यांनी कागदावर त्याला त्याहूनही अधिक दिले. बी, खत, बैल त्याचे असतील तर तीन-चतुर्थांश पीक त्याचे. शिवाय कसण्याचा हक्क वारसाने चालणार. परंतु तो बर्गादार आहे याला पुरावा काय? करार तोंडी, वाट्याची पावती नाही. 'हा तर माझा मजूर' एवढे मालकाने म्हटले की कायदा तेथेच संपला.

महाराष्ट्रातील कुळांनाही हा अनुभव अपरिचित नाही. 1948 च्या मुंबई कुळकायद्याच्या अंमलबजावणीची दांडेकर व खुदानपूर यांनी जी पाहणी केली, तीत 'स्वखुशीने' जमीन सोडल्याच्या नोंदी इतक्या आढळल्या की त्या खुशीविषयीच शंका घ्यावी लागली.

1977 मध्ये बंगालात डाव्या आघाडीचे सरकार आल्यावर कायद्यात दुरुस्ती झाली. दुसऱ्याची जमीन कसणारा, मालकाच्या कुटुंबातील नसेल तर, बर्गादारच समजावा. तो तसा नाही हे मालकाने सिद्ध करावे. पुराव्याचे ओझे दुबळ्या खांद्यावरून काढून बळकट खांद्यावर ठेवले गेले. पण कायदा बदलला तरी नोंद करणारा कारकून तोच होता. भूमिसुधारणा मंत्री बिनय चौधरी आणि आयुक्त देवव्रत बंद्योपाध्याय यांच्यासमोरची खरी अडचण हीच होती.

तिचे उत्तर शेतमजुरांनीच दिले. 1978 मध्ये हुगळी जिल्ह्यातील हालुसाई येथे महसूल अधिकारी आणि भूमिहीन व बर्गादार यांचे एकत्र शिबिर भरले. अधिकारी दिवसा येतात, तेव्हा आम्ही शेतात असतो. येतात ते मालकाच्या ओसरीवर बसतात. तेथे आम्ही तोंड कसे उघडावे? संध्याकाळी या, आमच्या वस्तीत बसा, असे या लोकांनी सुचविले. साधीच सूचना, परंतु इतक्या वर्षांत ती कोणत्याही कचेरीला सुचली नव्हती. 'ऑपरेशन बर्गा' या मोहिमेची पद्धत त्यातून घडली. बर्गादारांची दाट वस्ती असलेली गावे निवडायची, संध्याकाळी सभा घ्यायची, दावे ऐकायचे, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष बांधावर जाऊन सर्वांसमक्ष खातरजमा करायची, यादी गावात लावायची, हरकती ऐकायच्या आणि दाखला हातात द्यायचा. किसान संघटना व पंचायती पाठीशी होत्या म्हणून भीती ओसरली. केवळ परिपत्रकाने ती ओसरली नसती. पुढील दोन-अडीच दशकांत नोंदलेल्या बर्गादारांची संख्या सुमारे 15 लाखांवर गेली.

नाव लागल्याने पीक वाढते काय? बॅनर्जी, गर्टलर व घटक या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या काळातील उत्पादकतेच्या वाढीपैकी सुमारे 28 टक्के वाटा या मोहिमेकडे जातो असा हिशेब मांडला. इतरांनी तो कमी धरला आणि उथळ नलिकाकूप व उन्हाळी बोरो भात यांना अधिक श्रेय दिले. हा वाद विद्वानांनी चालू ठेवावा. मात्र बोरोसाठी उपसलेल्या पाण्याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नव्हती, आणि नदिया, मुर्शिदाबाद, मालदा या जिल्ह्यांत भूजलातील आर्सेनिक हे आज संकट होऊन बसले आहे. जमिनीच्या वरचा हक्क लिहिला. खालच्या पाण्याचा लिहायचा राहिला.

दुसरी उणीव अधिक जवळची. नोंद ही एकदा करून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. राज्याच्या 2004 च्या मानव विकास अहवालात नमूद आहे की नोंदलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के बर्गादार तोवर जमिनीवरून दूर झाले होते. स्त्रियांची नावे मुळातच फार थोडी लागली. सिंगूरमध्ये 2006 साली मोटार कारखान्यासाठी सुमारे एक हजार एकर जमीन संपादन झाली, तेव्हा या सैल दप्तराची किंमत उघड झाली. नोंद असलेल्या बर्गादाराला जमिनीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी भरपाई देऊ केली गेली. नोंद नसलेल्याचे अस्तित्वच वादाचा विषय झाले. जमीन एकपिकी की बहुपिकी, हाही वाद जुन्या नोंदींपाशीच अडला.

आज सर्वत्र उतारे संगणकावर येत आहेत. हेलपाटे वाचतात, हे खरेच. परंतु जे नाव मूळ वहीत नव्हते ते संगणकात कोठून येणार? 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे पैसे जमीनधारकाच्या खात्यात जातात, वाट्याने कसणाऱ्याच्या नव्हे. त्याच वर्षीच्या बंगालच्या कृषक बंधू योजनेत नोंदलेल्या बर्गादाराला स्थान मिळाले, ते चाळीस वर्षांपूर्वी संध्याकाळच्या सभेत लिहिलेल्या नावामुळे. नोंद नसलेला बर्गादार दोन्हीकडे बाहेरच राहिला.

सिंगूरचे संपादन सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2016 रोजी रद्द ठरविले आणि बारा आठवड्यांत जमीन परत देण्याचा आदेश दिला. तोवर बांध, पायवाटा, पाट पुसले गेले होते. कोणाचे शेत कोठे होते हे जुने नकाशे उलगडून, मोजणी करून शोधावे लागले.