गोदाकाठचे दख्खनी शीख

लातूरहून नांदेडला गेलं, की सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास पगडीधारी माणसं अस्सल मराठवाडी बोलीत बोलताना भेटतात. हे दख्खनी शीख. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचं इथं निर्वाण झालं. पुढे १८३० च्या सुमारास निजामाचे दिवाण चंदूलाल यांच्या विनंतीवरून महाराजा रणजितसिंगांनी लाहोरी फौज हैदराबाद संस्थानात धाडली. गुरुद्वाऱ्याची इमारतही त्यांनीच बांधवली, १८३२ ते १८३७ मध्ये. फौजेतले कितीतरी शिपाई इकडेच संसाराला लागले, इथलेच झाले. गोदावरीची घागर भरून गुरुद्वाऱ्याकडे नेण्याची रोजची सेवा मात्र त्यांनी सोडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. होळीला हल्लाबोल मिरवणूक निघते. ती जरूर पाहून या.