टिकाऊ स्मार्टफोनची पारख

बाजारांत मडकें घेतांना गृहिणी तें आधीं वाजवून पाहते. महिन्याच्या पगाराएवढी रक्कम स्मार्टफोनसाठीं मोजणारें कुटुंब मात्र पुष्कळदां केवळ झळाळीवर भुलतें. नांदेडहून लातुरास शिकावयास गेलेल्या मुलीचा घराशीं संबंध, वडिलांचे बँकेचे व्यवहार, आजीच्या औषधांची चिठ्ठी, हें सारें आज या एका यंत्रावर अवलंबून असतें. म्हणून मध्यम किंमतीच्या फोनची पारख हा चैनीचा नव्हे, संसाराचा प्रश्न होय.

फोनला तीन आयुष्यें असतात: अंगाचें, बॅटरीचें व सॉफ्टवेअरचें. त्यांतलें जें आधीं संपेल, तेंच फोनचें खरें आयुष्य.

अंगाची परीक्षा ‘आयपी’ या अक्षरांपुढील दोन आंकड्यांवरून करावी. पहिला आंकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आयपी ६७’ म्हणजे धूळ आंत शिरत नाहीं व एक मीटर खोल गोड्या पाण्यांत यंत्र अर्धा तास निभावतें. ‘आयपी ५४’ केवळ शिंतोडे सोसतो. परंतु ही कसोटी नव्या यंत्राची आहे. एकदां उघडून दुरुस्त केलेल्या फोनची ती ग्वाही नव्हे.

बॅटरीचा खरा वैरी उष्णता. कित्येक उत्पादक वापरासाठीं ३५ अंशांपर्यंतचें हवामान योग्य मानतात. मराठवाड्याचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो. उन्हांत किंवा उशीखालीं ठेवून फोन चार्ज करणें म्हणजे त्याचें आयुष्य आपल्याच हातांनीं तोडणें. बदली बॅटरीची व पडद्याची किंमत काय, आणि अधिकृत दुरुस्ती आपल्याच गांवीं होते कीं फोन परगांवीं पाठवावा लागतो, हें खरेदीपूर्वींच विचारावें.

तिसरें आयुष्य डोळ्यांना दिसत नाहीं. सुरक्षेचे अपडेट थांबले, कीं धडधाकट फोनही बँकेच्या व्यवहारास धोक्याचा ठरूं लागतो. सॅमसंगचे दोन फोन पाहावे. २०२४ च्या मार्चमध्यें आलेल्या गॅलेक्सी ए५५ ला ‘आयपी ६७’ आहे व पांच वर्षांच्या सुरक्षा-अपडेटचें आश्वासन आहे. त्याच वर्षीं आलेल्या, त्याहून स्वस्त ए१६ ५जी ला ‘आयपी ५४’, परंतु आश्वासन सहा वर्षांचें. महाग तें सर्व बाबतींत दीर्घायुषी, असें नव्हे. शिवाय हीं वर्षें फोन बाजारांत आल्यापासून मोजावयाचीं, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वींचा फोन सवलतींत घेणारा ग्राहक त्याचें सरलेलें आयुष्यही विकत घेत असतो.

शेवटीं हिशेब. समजा, चौदा हजारांचा फोन दोन वर्षें टिकला, तर वर्षास सात हजार पडले. वीस हजारांचा, मध्यंतरीं तीन हजारांची बॅटरी घालून, पांच वर्षें चालला, तर वर्षास चार हजार सहाशेच. मडकें वाजवून घेणाऱ्या गृहिणीस हा हिशेब निराळा शिकवावा लागत नाहीं. दुकानदारापुढें तो मांडण्याचा धीर तेवढा हवा.