पटावर पहिल्यांदा उतरताना



संक्रांत सरली, कापसाच्या वेचण्या आटोपत आल्या, की आमच्या घाटंजीकडे लोकांच्या बोलण्याचा विषय बदलतो. चहाच्या टपरीवर बसा, बाजारात फिरा, एकच चर्चा ऐकू येते. कोणत्या गावी शंकरपट भरणार आणि कोणाची जोडी किती सेकंदांत धाव पुरी करणार. मागे माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, घरी दोन गोऱ्हे आहेत. पटात उतरायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करावी?" मी शिकवतो इतिहास, पण जन्म शेतकऱ्याच्या घरचा. त्या मुलाला जे सांगितले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

शंकरपट म्हणजे सरळ रेषेतली, थोड्या अंतराची धाव. वळण नाही, चढ नाही. एक जोडी, एक हलका छकडा आणि एक धुरकरी. आपल्या भागात जोडीची झुंज बहुधा घड्याळाशी असते. पलीकडे झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारीशेजारी सोडतात. दूर अमेरिकेत मोटारींची अशीच एक शर्यत आहे, तिला ड्रॅग रेसिंग म्हणतात. सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, आणि दोन मोटारी. तिथली तरुण पोरे पूर्वी रहदारीच्या रस्त्यावरच शर्यती लावीत. 1951 साली वॅली पार्क्स यांनी त्यासाठी राष्ट्रीय संघटना उभारली आणि शर्यत रस्त्यावरून उचलून आखलेल्या पट्ट्यावर आणली. गाडीची तपासणी झाल्याखेरीज कोणाला सोडायचे नाही, असा दंडक घातला. नवख्यांसाठी तिथे एक गमतीचा प्रकार आहे. आपली गाडी किती सेकंद घेईल, हे आधी लिहून द्यायचे. त्याहून कमी वेळ लागला, तर बहुधा हार! म्हणजे नुसता वेग पुरत नाही. आपल्या गाडीची नेमकी ओळख लागते. मोटारीच्या बाबतीत जे खरे, ते बैलाच्या बाबतीत शंभरपटीने खरे आहे.

आपल्याकडेही नियम सुखासुखी आले नाहीत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. पट भरेनासे झाले. लोक हळहळले, पण बंदी का आली, याचा विचार थोड्यांनीच केला. आर लावलेली तुतारी, पिरगाळलेली शेपटी, चाबकाचे वळ, या गोष्टी आपण सर्वांनी पाहिल्या होत्या आणि पाहून गप्प बसलो होतो. पुढे 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना तात्पुरती मोकळीक मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. परंतु अटींसह. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव एक हजार मीटरांहून लांब नको, पशुवैद्यकाने बैल तपासलेला हवा, आणि काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका यांपैकी काहीही बैलाच्या अंगाला लागता कामा नये. म्हणून नवख्याने पट भरवणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारावा तो बक्षिसाचा नव्हे, परवानगीच्या कागदाचा.

आता जोडीविषयी. बाजारातून महागडी जोडी आणण्याची घाई करू नका. आपल्याच गोठ्यात पाहा. चपळ, हलक्या अंगाची गवळाऊ जात आपल्या विदर्भातलीच आहे. दोन बैल उंचीने आणि पावलाने सारखे असावेत. एकाचे पाऊल लांब आणि दुसऱ्याचे आखूड असले, की जू तिरपे होते आणि छकडा एका अंगाला ओढ घेतो. पहिला महिना धाव नकोच. रिकामा छकडा जुंपून मऊ रानात नुसते चालवा. मग शंभर पावले दुडक्या चालीने, पुन्हा विसावा. डांबरी रस्त्यावर पळवू नका, खूर आणि सांधे बिघडतात. ढेप-सरकी एकाएकी वाढवू नका, पोट फुगते. धाव झाल्यावर बैल रवंथाला केव्हा लागतो, याकडे लक्ष ठेवा. दम लवकर ओसरून तो निवांत रवंथ करू लागला, तर समजा की काम झेपले. आणि माणसासाठी एक गोष्ट: कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नका. तोल गेला, तर हात सुटला पाहिजे.

मैदान आधी पायी चालून पाहा. काळ्या जमिनीतल्या भेगा बुजवल्या आहेत का? दगड वेचले आहेत का? दोन्ही बाजूंना दोर बांधला आहे का? आणि शेवटच्या रेषेपुढे जोडी थांबवायला मोकळी जागा आहे का? रेषेपाशीच गर्दी उभी असेल, तर जोडी न सोडता परत या. त्यात कमीपणा नाही.

हे सारे मी शहाणपणाने सांगतो आहे. पण मला ते उशिरा कळले. मी कॉलेजात असताना वडिलांची जोडी घेऊन एका पटात उतरलो होतो. ढवळ्या आणि मोऱ्या. अर्ध्या वाटेवर मोऱ्या किंचित मागे पडला. लोक ओरडत होते. माझ्या हातात तुतारी होती. मी ती टोचली. मोऱ्या एकदम आडवा झाला, छकडा दोराकडे वळला, माणसे पळाली. कोणाला लागले नाही, ही दैवाची कृपा. मोऱ्याच्या पुठ्ठ्यावर रक्त होते. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तो तं धावतच होता. तू काहून टोचलं त्याले?" मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला मी हळद-लोणी घेऊन गेलो, तेव्हा ढवळ्या उभा राहिला. मोऱ्याने खांदा चोरला. पट होऊन कित्येक महिने लोटले होते. मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता.

शिक्षक मित्रहो, तुम्हाला एक विनंती. मुले पटाला जाणारच. त्यांना नुसते प्रेक्षक राहू देऊ नका. समजा, 100 मीटरांची धाव 8 सेकंदांत झाली. सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर! आता तीन मुलांच्या हाती तीन घड्याळे द्या. तिघांचे आकडे जुळणार नाहीत. दोन दशांश सेकंदांचा फरक म्हणजे अडीच मीटर, जवळजवळ एका बैलाची लांबी. एवढ्या फरकावर गावोगाव भांडणे होतात! मोजणीत चूक असते आणि म्हणून हार-जीत खिलाडूपणे घ्यावी, हा धडा पुस्तकापेक्षा तिथे लवकर पटेल.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "यंदा घड्याळ घेऊन नुसता बघायला जा. वर्षभर गोऱ्ह्यांना चालव. पुढल्या साली तुझी हाक ऐकून ते आपणहून निघाले, तर पटावर ने. नाही निघाले, तर आणखी एक वर्ष थांब." तो हिरमुसला खरा; पण गेला आठवडाभर संध्याकाळी वाघाडी नदीकडच्या रानात तो दोन गोऱ्हे आणि रिकामा छकडा घेऊन हळूहळू चालताना दिसतो. हातात काठी नसते.

बंद पडलेला पट न्यायालयाच्या निकालाने सुरू झाला. तो सुरू राहील की नाही, हे मात्र अशा हातांवर ठरणार आहे. तुमच्या घरी जोडी असेल, तर आज गोठ्यात जाऊन एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवून पाहा. बैलाने खांदा दिला, तर सुरुवात झाली असे समजा.