मारुती की फोर बाय फोर?



भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांत भातशेतीच्या जागी गोदामं आली, आणि कित्येक दारांपुढे स्कॉर्पिओ, थार अशा उंच गाड्याही आल्या. तिकडे भिवंडी शहरात, यंत्रमागांच्या गल्ल्यांत, जुनी मारुती ८०० अजून अधूनमधून भेटते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची चावी ग्राहकाच्या हाती दिली. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. छोटी मारुती आणि उंच गाडी, या दोघींपैकी आपल्या भिवंडीला कोणती मानवते?

आधी मापं बघू. मारुती ३.३४ मीटर लांब, १.४४ मीटर रुंद. स्कॉर्पिओ-एन ४.६६ मीटर लांब, १.९२ मीटर रुंद. म्हणजे एका स्कॉर्पिओच्या जागेत जवळजवळ दोन मारुती उभ्या राहतील. कापडाचे तागे भरणारा टेम्पो गल्लीत आडवा आला, की या जादा अर्ध्या मीटरपायी मोठ्या गाडीवाल्याला नाक्यापर्यंत रिव्हर्स घ्यावा लागतो. मारुती कडेकडेनं निघून जाते.

खड्ड्यांत मात्र पारडं फिरतं. पावसाळ्यात वाडा रस्त्याला मारुतीचं बारा इंची चाक खड्ड्यात अख्खं उतरतं, खालचं पोट घासतं. मोठी गाडी तोच खड्डा सहज ओलांडते. पण हे श्रेय मोठ्या चाकांचं आणि जमिनीपासूनच्या उंचीचं, फोर बाय फोरचं, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळण्याचं, नव्हे. फोर बाय फोर कामी येतं ते पकड सुटल्यावर. मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरू लागली, की पुढची चाकं गाडी ओढून काढतात. माणकोलीला कंटेनरच्या मागे अडकलात, तर चारही चाकं सारखीच थांबलेली असतात! ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावरही फोर बाय फोरची काही मदत होत नाही.

कामवारी नदी फुगली की उंच गाडीवाल्यांना चेव येतो. थारसाठी कंपनीनं पाण्याची मर्यादा दिली आहे ६५० मिलिमीटर. त्याहून खोल पाण्यात, किंवा वाहत्या पाण्यात, थारही घालू नये. पाण्याखाली गटाराचं झाकण उघडं आहे का, हे तर कुठल्याच गाडीला कळत नाही.

एका बाबतीत मोठी गाडी निर्विवाद सरस आहे, ती म्हणजे सुरक्षितता. मारुती ८०० मध्ये एअरबॅग नाहीत. स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. नाशिक महामार्गावर ट्रेलरच्या शेजारून जाताना हा फरक जिवाचा असतो.

तेव्हा, फेरी शहरातल्या शहरात असेल आणि मारुती धडधाकट असेल, तर तिचं पासिंग वेळेवर करून घ्या आणि खुशाल वापरा. कुटुंब घेऊन वरचेवर महामार्गानं जात असाल, तर मोठी गाडी घ्या; पण टू व्हील ड्राइव्हची पुरेल. फोर बाय फोरचे जादा पैसे त्यानंच मोजावेत, ज्याची रोजची वाट खरोखर चिखलातून जाते.