मतदान झालं, कडी कधी लागणार?

(नागपुरात तरुणांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी शिक्षक नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतोय. मग प्राथमिक शाळेतल्या मुलांवर हा कशाला बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती मला चौथीतल्या एका मुलीने दाखवून दिली.

आमच्या वस्तीजवळ मराठी माध्यमाची एक प्राथमिक शाळा आहे. तिथे बरीच मुलं आपली आहेत. घरी हिंदी, शाळेत मराठी. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका सरांनी मला विचारलं, "शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घ्यायची आहे. मोबाईलवर मतदान यंत्र बनवून द्याल का?" मी एका रविवारी बसून बनवून दिलं. उमेदवाराचं नाव, फोटो, चिन्ह, बटण दाबलं की बीप. निवडणुकीच्या दिवशी मुलांनी रांग लावली, बोटाला शाई लावून घेतली. पतंग, पेन्सिल, सायकल अशी चिन्हं होती. मुख्यमंत्री निवडून आला, स्वच्छतामंत्री आली, पाणीमंत्री आला, शपथविधी झाला. मी फोटो काढले आणि स्टेटसला टाकले. लोकांनी "माशाअल्लाह", "शाब्बास" लिहिलं. मलाही वाटलं, आपण काहीतरी केलं.

तीन महिन्यांनी पुन्हा शाळेत जाणं झालं. स्वच्छतामंत्री दिसली. मी विचारलं, "मंत्री झाल्यावर काय काय केलं?" ती म्हणाली, "भैया, जो बात करते ना, उनका नाम फळ्यापे लिखती मैं."

मी हसलो. मग सहज विचारलं, "आणि स्वच्छतेचं?" ती गप्प बसली. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. एकीला जायचं असेल तर दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. म्हणून कित्येक मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. डब्याबरोबर दोन घोट, बस. मी विचारलं, "सरांना सांगितलं?" मंत्री म्हणाली, "बोली थी. वो बोले, बघू."

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मार्चमध्येच डांबर तापतं. त्या उन्हात आठ-नऊ वर्षांच्या मुली तहान मारत बसतात, कारण दाराला कडी नाही. त्यांच्याकडे मंत्रिपद होतं, खातंसुद्धा अगदी तेच होतं. आणि मी बनवलेलं यंत्र उत्तम चाललं होतं, एकही मत चुकलं नव्हतं.

त्या सरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे दोन वर्ग, त्यात सर्वेक्षणं, ऑनलाईन माहिती भरणं, मतदार याद्यांचं काम. चूक आम्हा सगळ्यांची होती. मुलांना निवडायचं कसं ते आम्ही शिकवलं. निवडून आल्यावर त्यांचं म्हणणं कुणाकडे जाणार आणि उत्तर कोण देणार, हे मात्र ठरवलंच नाही. त्यामुळे मुलांनी निवडलेली मंत्री शेवटी मोठ्यांचंच काम करत होती, मुलांना गप्प बसवण्याचं.

आमच्या कामात एक साधी पद्धत आहे. वापरणाऱ्याला चूक दिसली की तिची नोंद होते, तिला आम्ही तिकीट म्हणतो. तिकिटाला नंबर असतो, तारीख असते, ते कुणाकडे आहे हे लिहिलेलं असतं. माझ्या टीममध्ये दुरुस्ती करणारा स्वतःच "झालं" म्हणून तिकीट बंद करू शकत नाही. ज्याने नोंदवलं तो तपासतो आणि तोच बंद करतो.

मी सरांना म्हटलं, ॲप बाजूला ठेवू, एक वही घेऊ. दोनशे पानी साधी वही. रकाने पाच: तारीख, काय अडचण, कोण बघणार, उत्तर काय, आणि शेवटचा रकाना "झालं का". हा शेवटचा रकाना ज्याने अडचण सांगितली तोच मुलगा किंवा मुलगी भरणार. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी वीस मिनिटं मुलांची सभा. मंत्री वही वाचून दाखवतील, मुख्याध्यापिका मॅडम उत्तर देतील. उत्तर "नाही" असलं तरी चालेल, पण कारण सांगायचं. "बघू" हे उत्तर लिहायचं नाही.

वहीतली पहिली नोंद कडीची होती. पुढच्या आठवड्यात कडी लागली. स्वच्छतामंत्रीने स्वतः आत जाऊन, लावून बघितली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, "झालं. पण उंच आहे." पहिलीतल्या मुलींचा हात पोचत नव्हता! कडी खाली घेतली, मग नोंद बंद झाली. हे कुठल्या मोठ्या माणसाला सुचलं असतं, सांगा.

सगळंच जमलं असं नाही. मुलांनी शाळेसमोरच्या रस्त्यावर गतिरोधक मागितला. मॅडमनी सांगितलं, ते शाळेच्या हातात नाही, आपण अर्ज करू. मुलांनी सह्या करून अर्ज दिला. गतिरोधक अजून झालेला नाही आणि वहीत ती नोंद अजून उघडी आहे. पण कोणतं काम शाळेचं आणि कोणतं महानगरपालिकेचं, हे त्या मुलांना कळलं. आपल्यातल्या किती जणांना ते चौथीत माहीत होतं?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की ज्या गोष्टी मुलांशी संबंधित आहेत, त्यांत मुलांना आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्राने आपल्या नियमांत या समितीत दोन विद्यार्थ्यांनाही जागा दिली, त्यांतली किमान एक मुलगी. बऱ्याच शाळांत समितीची नावं भिंतीवर रंगवलेली असतात. तुमच्या वस्तीतल्या शाळेत जाऊन वाचा. मग त्या दोन मुलांना शोधा आणि विचारा, "शेवटच्या बैठकीला तुला बोलावलं होतं का?"

इथे आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, अनुदानित असो की विनाअनुदानित. म्हणजे आपल्या संस्था चालवत असलेल्या शाळांत मुलांना समितीत बसवायची या कायद्याने सक्ती नाही. संस्थेची स्वायत्तता आपल्याला प्रिय आहे, असायलाही हवी. पण सक्ती नसेल तर जबाबदारी कुणाची? आपलीच. संस्थेच्या निवडणुकीसाठी आपण गट पाडतो, वर्षानुवर्षं भांडतो. त्याच संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला पाणी का पीत नाहीस, हे विचारायला आपल्याला सरकारी परिपत्रक लागतं का?

कुणी म्हणेल, लहान मुलांना काय कळतं? १८५५ साली 'ज्ञानोदय' या मराठी नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेची ती विद्यार्थिनी. मांग-महारांचं दुःख तिने त्यात लिहिलं आणि धर्माच्या ठेकेदारांना थेट प्रश्न विचारले. शाळेत जाऊन तिला फार वर्षं झाली नव्हती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका शाळेने आपल्या विद्यार्थिनीला इतकं बोलू दिलं. आपल्याला कडीबद्दलही ऐकवत नाही.

राजस्थानात तिलोनियाला दिवसा गुरं-शेळ्या राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालतात. तिथे १९९३ पासून मुलांची संसद आहे. सहा ते चौदा वयाची मुलं आपले प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी रात्रशाळा नीट चालतात की नाही यावर लक्ष ठेवतात. शिक्षक वेळेवर येतात का, दिवे आहेत का, हेही त्यात आलं. ती मुलं आपल्या मुलांपेक्षा जास्त शिकलेली नाहीत. त्यांच्यावर विश्वास टाकला गेला, एवढाच फरक.

दुसरी भीती असते, मुलं तक्रारखोर होतील. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात "अमक्याने रबर घेतलं" असल्याच नोंदी जास्त होत्या. मग मुलांनीच ठरवलं, रबराचं भांडण वर्गात मिटवायचं, सगळ्यांची अडचण असेल तीच वहीत. एक काळजी मात्र मोठ्यांनी घ्यायला हवी. मारहाण, नकोसा स्पर्श, जातीवरून किंवा धर्मावरून चिडवणं, या गोष्टी भर सभेत सांगायला लावू नका. त्यासाठी तक्रारपेटी असते, विश्वासातल्या मॅडम असतात, १०९८ हा नंबर असतो. मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं कायद्याच्या कलम १७ ने बंद केलं आहे, हे मुलांना सांगा.

आणखी दोन गोष्टी आम्ही चुकत शिकलो. पहिली, मुख्यमंत्री दरवेळी उंच, हुशार मुलगाच होतो आणि झाडूचं खातं मुलीकडे जातं. म्हणून आता दर दोन महिन्यांनी खाती बदलतात, काही चिठ्ठ्या टाकून ठरतात. दुसरी, सभेत मराठीतच बोलायचं असा नियम होता, तेव्हा आपली अर्धी मुलं खाली बघत बसायची. आता मूल घरच्या बोलीत बोलतं आणि वहीत लिहिताना मराठी शब्द सगळे मिळून शोधतात. मराठी त्यामुळे सुधारली, बिघडली नाही.

शेवटी घरची गोष्ट. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. परवा पाहुणे आले होते, ती मध्येच बोलायला लागली आणि माझ्या तोंडून निघालं, "बडे बात कर रहे हैं, चुप बैठो." हेच वाक्य ऐकत मी मोठा झालो. पंचविसाव्या वर्षी झोन कार्यालयाच्या खिडकीसमोर अर्ज घेऊन उभा होतो तेव्हा, हातात डिग्री असून, माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मागे जा म्हटलं तर मागे गेलो. हक्कांबद्दल आपण मेळाव्यांत खूप बोलतो, पण त्या खिडकीपाशी बोलायची सवय सहाव्या, आठव्या वर्षी लागते.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. हातात थोडे दिवस आहेत. तुमच्यातल्या प्रत्येकाने वस्तीतली एक शाळा निवडा, मराठी, उर्दू, हिंदी, कोणतीही. मुख्याध्यापकांना भेटा, सलाम करा, भांडायला जाऊ नका. एक वही द्या आणि शनिवारची वीस मिनिटं मागा. मतदान यंत्र हवं असेल तर मी देतो, फुकट देतो. पण आधी वही.